आमच्या माडीवर इटलीचं जोडपं राहायला आलंय, दत्तक मुलांसाठी. जाणकारांनी थोडं सांगा

माडीवाली

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचक. आज धागा काढतेय, कारण घरात रोज नवं काहीतरी घडतंय आणि विचारायचं कुणाला ते कळेना.

आमची माडी रिकामी पडली होती. ओळखीच्या एका समाजसेविका बाईंनी विचारलं, परदेशातलं जोडपं दत्तक घ्यायला सोलापुरात येतंय, काही आठवडे राहील, जागा देता का? दिली. लॉजवर दोन लेकरं घेऊन कोण राहणार? ना चूल, ना कपडे वाळत घालायला दोरी.

आधीच सांगते, मुलांची नावं, संस्था, आमची गल्ली यातलं काही लिहिणार नाही. बहीण मोठी, भाऊ लहान, एवढं पुरे.

माणसं साधी आहेत. त्यांच्या देशात म्हणे लग्नाला तीन वर्षं झालेली लागतात, मग तिथलं बालन्यायालय चौकशी करून हुकूम देतं की हे लोक दत्तक घ्यायला योग्य आहेत, मग तिथल्या सरकारमान्य संस्थेमार्फत फाईल आपल्याकडे 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे येते. इथं पोचेपर्यंतच दोघांचे केस पांढरे झाले असं नवरा हसत सांगतो. आल्यावर सुरुवातीला रोज सकाळी रिक्षानं संस्थेत जायचे आणि अंधार पडता परत. मुलं पहिल्यांदा तिथल्या ताईंच्या पदराआडून बघायची. मग अंगणात एकत्र खेळणं, मग तिथंच जेवण, मग एक दिवस इकडं दुपारपुरतं. 'कारा'चा ना हरकत दाखला हातात होता, म्हणून अंतिम आदेश होईस्तोवर हमीपत्र लिहून मुलं त्यांच्याकडे सोपवलीत. आता वर चौघं, खाली आम्ही दोघं.

अडचण अशी. पोरगी ताटावर बसली की आधी भावाला भरवते, त्याचं झालं की मग स्वतः. नव्या आईनं घास पुढं केला तर नाही म्हणत नाही, पण ताट स्वतःकडे ओढून घेते. परवा गादी उचलली तर खाली रुमालात बांधलेले कडक भाकरीचे तुकडे, आणि मुंग्यांची रांग पार दारापर्यंत. त्या बाईला वाटलं आपण कमी वाढतोय. जिन्यात बसून रडली बिचारी. मला इटालियन येत नाही, तिचं इंग्रजी माझ्याइतकंच. काय सांगू तिला?

शिवाय गल्ली. "किती पैसे दिले ओ?" इथपासून "पोरांचं पुढं काय करतात कोण जाणे" इथपर्यंत सगळं मुलांच्या देखत. त्यांना मराठी कळतं हे लोक विसरतात की काय?

पूर्वभाग

आधी तुमचं अभिनंदन ताई, जागा दिलीत ते. आपल्यात लोकं भाड्याला साधं एकटं पोरगं ठेवून घ्यायला दहा प्रश्न विचारतात.

पोरं बोलतात कुठली भाषा? आमच्या साखर पेठेत पोरगं घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात हिंदी आणि आजीसंगं कन्नड बोलतं, कुणाला काय वाटत नाही. इटालियन शिकायला त्यांना उशीर लागायचा नाही बघा.

निवृत्त_अधीक्षिका

माडीवाली ताई, मी मुलांच्या संस्थेत बरीच वर्षं काढली, जिल्हा कुठला ते राहू दे. भाकरी लपवणं हे अगदी नेहमीचं. तिथं जेवणाची घंटा असते. घंटेला मिळतं, मधे मिळत नाही. पोट भरलेलं असतं, पण पुढच्या घंटेचा भरवसा पोटाला नसतो. आईला सांगा, यात तिचा काही दोष नाही, आणि पोरीला रागावून ते तुकडे फेकायचे तर मुळीच नाहीत.

एक करा. झाकणाचा डबा आणा, त्यात कडक भाकरी, फुटाणे, गूळ असं ठेवा आणि डबा तिच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर. तिचा म्हणून. कधीही उघडायचा, विचारायचं नाही. रात्री झोपायच्या आधी तिच्यासमोर परत भरायचा. हे भरणं तिनं रोज बघितलं पाहिजे. कडक भाकरी बरी, आठवडे टिकते आणि मुंग्यांचं काम डब्यानं भागतं.

भावाला भरवणं एकदम सोडवू नका. आजवर त्याची आई तीच होती. तिच्याकडून ते काम काढून घेतलं तर तिला वाटेल आपली गरज संपली. आईनं शेजारी बसून एक घास भावाला, एक हिला, असं सुरू करावं.

दुसरं, थोडं कडू लागेल. भरवणं, आंघोळ, झोपवणं हे सध्या फक्त त्या दोघांनी करायचं. तुमच्या हातात माया असेल, पण "ये गं माझ्या बाळा" म्हणून उचलून घेऊ नका. संस्थेतली मुलं दहा मावश्यांच्या अंगाखांद्यावर वाढतात, कुणाकडेही जातात. लोक म्हणतात, किती माणसाळलेली! तसं नसतं ते. आता त्यांना दोनच माणसं ओळखायची आहेत.

रात्री दिवा पूर्ण बंद करू नका. तिथं ओळीनं झोपतात आणि कुठंतरी एक दिवा असतो. डोक्यावरून शॉवर नको, बादली-तांब्या द्या.

माडीवाली

ताई, शॉवरचं तुम्हाला कसं कळलं? पहिल्याच दिवशी धाकट्यानं तो आकांत केला की खालून आम्ही धावलो. बादली दिल्यापासून तासभर बाहेर निघत नाही.

उचलून घेण्याचं वाचून जरा टोचलं खरं. पण पटलं. आजपासून मी खालूनच.

कडबा

मला एक समजत नाही. आपल्याकडं मूल नसलेली जोडपी काय कमी आहेत का? अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. आणि आपली पोरं सातासमुद्रापार का पाठवायची? तिथं गेल्यावर कोण विचारतंय?

वकीलपेठ

कडबा, प्रश्न रास्त आहे, उत्तर कायद्यातच आहे. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ५९. मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर झाल्यावर ६० दिवसांत भारतातल्या किंवा अनिवासी भारतीय पालकांकडे सोय झाली नाही, तरच ते परदेशी दत्तकासाठी मोकळं होतं. पाच वर्षांवरची मुलं, भावंडं आणि अपंग मुलं यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येतं असंही तिथं लिहिलंय. कारण उघड आहे, त्यांना इथं कुणी मागत नाही.

"कोण विचारतंय" याचंही सांगतो. देशादेशांतल्या दत्तकाचा जो हेग करार आहे, तो भारतानं २००३ साली मान्य केला. दोन्ही देशांच्या यंत्रणांनी लेखी होकार दिल्याशिवाय मूल हलत नाही. गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा अहवाल येतात. आपल्या गावात घरातल्या घरात दत्तक दिलेल्या पुतण्याचा एक तरी अहवाल कुणी मागतं का?

पैशांचं : नियमात ठरलेलं शुल्क असतं, त्याची पावती मिळते. त्याबाहेर देणं-घेणं गुन्हा आहे. गल्लीला एवढंच सांगा.

बार्शीलाईट

वकीलसाहेबांच्या म्हणण्याला जोड देतो. मी दत्तक बाप आहे, लेक आता शाळेत जाते. आम्ही अर्जात दोन वर्षांखालचं, निरोगी, असंच लिहिलं होतं. नव्वद टक्के लोक काय लिहितात हे मला आकड्यात ठाऊक नाही, पण आमच्या बैठकीला जेवढी जोडपी होती त्यातलं एकही सात वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ मागायला आलं नव्हतं. रांग लांब आहे ती तान्ह्यांसाठी. मोठ्या भावंडांसाठी रांग नसतेच कडबाशेठ, तिथं मुलंच रांगेत असतात.

वयाचंही गणित आहे. चार ते आठ वर्षांचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज १०० च्या आत लागते, दोन वर्षांखालच्या मुलासाठी ८५. त्यामुळं आपल्याकडं "आधी सगळे उपचार करून बघू, मग दत्तक" म्हणत जे थांबतात, त्यांचं तान्ह्याचं दार आपोआप बंद होतं.

कडबा

बरं. बेरजेचं माहीत नव्हतं. पण मन मानत नाही ते नाहीच.

पंढरीनिवासी

जिल्ह्यातला धागा आहे म्हणून सांगतो. पंढरपूरचं अनाथाश्रम १८७५ सालचं. लालशंकर उमियाशंकर हे तिथं न्यायखात्यात होते, प्रार्थना समाजाची मंडळी पाठीशी, त्यातून ते उभं राहिलं. वारीच्या गावात विधवा बायका येऊन बाळंत व्हायच्या आणि मूल नदीच्या वाळवंटात नाहीतर देवळाच्या आसपास सोडून जायच्या. लगोलग १८७६चा दुष्काळ पडला आणि मुलं आणखी वाढली. तेव्हा "सातासमुद्रापार का" हा प्रश्नच नव्हता, जगतं की नाही हा होता. लोकांनी त्या आश्रमालाही तेव्हा नावं ठेवलीच असतील. माडीवालीताई, तुमच्या गल्लीचं एवढं मनावर घेऊ नका.

डब्लिनकरीण

माडीवाली ताई, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. आम्ही दोघं अनिवासी, महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका गावातून मुलगा घेतला. आम्हाला माडी मिळाली नव्हती, लॉजवरच होतो. मराठी असूनही त्या गावात मी परकीच होते. बाजारात भाजीवाली विचारायची, पाहुणे का? आणि मला उत्तर सुचायचं नाही.

त्या पाहुण्यांना काही गोष्टी माझ्याकडून सांगा. मुलं संस्थेत ज्या चादरीवर झोपत ती मागून घ्या, नवी देऊन जुनी घ्या हवं तर, आणि धुऊ नका. विमानात, नव्या घरात पहिल्या रात्री तीच. सोलापूर म्हटल्यावर चादर तर असणारच. कुठला साबण, कुठलं तेल, अंगाई कुठली, दूध कपात की वाटीत, हे सगळं तिथल्या ताईंकडून लिहून घ्या. आमचा मुलगा दूध पीत नाही म्हणून डॉक्टरकडे नेला होता. तो वाटीतून पितो हे नंतर कळलं.

आणि फोटो काढा. मुलांचे नाही म्हणत, गावाचे. रिक्षास्टँड, किराणा दुकानाची पाटी, माडीचा जिना, खिडकीतून काय दिसतं ते. आवाज रेकॉर्ड करा. माझा मुलगा आता आठ वर्षांचा आहे आणि मला विचारतो, तिथं खाली रस्त्यावर काय होतं? मी लॉजच्या खोलीत कागद बघत बसले होते. आदेश कधी, पासपोर्ट कधी. ते आठवडे म्हणजे थांबायचा वेळ असं आम्ही धरून चाललो होतो. मुलाच्या दृष्टीनं तर आमची ओळख तेव्हाच चालली होती.

वकीलपेठ

याला जोडून. मूल १८ वर्षांचं झालं की आपल्या मुळाचा शोध घ्यायला स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी आई-वडिलांसोबत. तिसऱ्या माणसाला तो हक्क नाही. ज्या बाईनं मूल सोपवताना आपली ओळख देऊ नका म्हटलं असेल, तिची संमती लागते. म्हणजे उद्या नाव-गाव कदाचित मिळणार नाही. सोलापूर मात्र मिळेल. म्हणून डब्लिनकरीण ताईंचं रस्त्याचं म्हणणं फार मोलाचं वाटलं.

हुरडाप्रेमी

फोटो टाका की ताई एखादा, चेहरे झाकून.

वकीलपेठ

नको. त्याच बाल न्याय कायद्याचं कलम ७४. मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला, दाखवायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेहरा झाकून जिना दिसला तरी गल्लीला कळतं.

हुरडाप्रेमी

राहिलं. हुरड्याला तरी घेऊन जा सगळ्यांना, दिवस आहेत. शेतात गर्दी नसते.

माडीवाली

सगळ्यांचे आभार. डबा आणला. स्टीलचा, वर फूल कोरलेला, तिनंच निवडला. पहिल्या रात्री चारदा उठून उघडून बघितला म्हणे, आईनं झोपेचं सोंग घेतलं. आता रात्री एकदाच बघते. गादीखाली काही नाही.

पाण्याचा वार सांगते. आमच्याकडं चार-पाच दिवसांआड पाणी येतं हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक. त्या माणसाला पहिल्यांदा पटेचना की नळाला रोज पाणी नसतं, आणि येतं तेही कधी पहाटे, कधी ऐन दुपारी. मी मोटर, पिंप, हंडे सगळं दाखवलं. परवा पाणी आलं तेव्हा हा बाबा चड्डी-बनियनवर पाईप धरून उभा, आणि पोरगी त्याला शिकवतेय! हा हंडा आधी, तो नंतर, हे पिंप गळतं, तिथं भरू नको. मराठीत. तो मान हलवतोय. संस्थेतही पाणी भरायचंच असतं, तिला सगळं येतं. इतके दिवस तोच तिला काहीतरी दाखवत, शिकवत होता. परवा पहिल्यांदा तिला त्याच्यापेक्षा जास्त येत होतं. धाकट्यानं मधेच पाईपवर पाय दिला, पाणी बंद, बापानं पाईपात डोकावून बघितलं, ह्यानं पाय काढला. पुढचं सांगायला नको. धाकट्याचं खदखदून हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

जेवणाचं म्हणाल तर त्यांनी आपली छोटी कॉफीची किटली बरोबर आणलीय, सकाळी माडीवरून वास येतो. पास्ता करतात. पोरांनी पहिल्यांदा नुसता चिवडला. मग पोरगी खाली आली, काही न बोलता आमच्या फडताळातली शेंगाचटणीची बरणी घेऊन वर गेली. आता चौघंही पास्त्यावर शेंगाचटणी घालून खातात. मी चाखला. बरा लागतो हो.

गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला न्यावं का? समोरूनच नंदीध्वज जाणार, त्या बाईला बघायचेत.

निवृत्त_अधीक्षिका

होम मैदानावरची संध्याकाळ नको. पाळण्यांचा आवाज, धूळ, गर्दीत हात सुटला तर ती दोघं काय समजतील? आपल्याला परत सोडलं. सकाळी लवकर नेऊन आणा, आणि निघताना सांगा, परत माडीवरच यायचंय. रिक्षात बसतानाही सांगायचं. प्रत्येक वेळी सांगायचं.

पूर्वभाग

नंदीध्वज घराच्या गच्चीवरून दाखवा, उत्तम. सातही दिसतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ते उंच ध्वज तोलत चाललेत, पोरं बघत राहतील. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा असते त्या दिवशी रस्ते बंद असतात, तेवढं बघून घ्या.

आन् एक दिवस भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवा की. आपल्या सोलापूरचा माणूस १९३८ ला चीनला गेला, तिथंच लग्न केलं, तिथंच देह ठेवला. तिकडं त्यांना अजून मानतात. पोरगी मोठी आहे, तिला गोष्ट कळेल.

माडीवाली

गच्चीवरून बघितलं. धाकटा बापाच्या खांद्यावर. बायका तीळगूळ द्यायला आल्या, आणि तीच समोरची काकू, जी पैशांचं विचारायची, पोरीच्या गालाला हात लावून म्हणाली, "जाणार का गं लांब? आठवण येईल का आमची?" पोरगी म्हणाली, "मी तुम्हाला ओळखत नाही." खरंच होतं ते. काकू वरमली. पण दुसऱ्या दिवशी शेंगापोळ्या घेऊन आली आणि जिन्यातच ठेवून गेली, वर चढली नाही. मला तेवढं आवडलं.

कोटणीसांची गोष्ट मी सांगितली, जमेल तशी. तिनं विचारलं, त्यांना भाकरी कोण करून द्यायचं तिकडं? मला माहीत नाही म्हणाले.

डब्लिनकरीण

त्या आईला भाकरी शिकवा ताई. थापता नाही आली तरी चालेल. पीठ मिळतं तिकडं, निदान मोठ्या शहरांत.

माडीवाली

शिकवतेय. मालदांडी ज्वारीचं पीठ, गरम पाणी, सगळं करून दिलं. थापताना परातीतच चिरा जातात. पोरगी म्हणते, पाणी लाव, पाणी लाव.

बार्शीलाईट

कागदपत्रं कुठवर आली? दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात ना?

वकीलपेठ

बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं तसं झालंय, १ सप्टेंबर २०२२ पासून लागू. आपल्याकडं मधे घोळ झाला होता, न्यायालयात आधीपासून चाललेली प्रकरणं वर्ग करायला मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती. जुन्या अनुभवावरून कुणी काही सांगितलं तर तारीख विचारा. आदेशानंतर मुलांचा जन्मदाखला, पासपोर्ट, 'कारा'चं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग करारानुसार झाल्याचा दाखला), मग मुंबईहून व्हिसा.

माडीवाली

आदेश झालाय, जन्मदाखलाही आला. आता पासपोर्टची वाट. मुंबईला जाताना सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रीचं जायचं की वंदे भारतनं दिवसा, यावर वर चर्चा चाललीय. पोरीला खिडकीतून बघायचंय, म्हणजे दिवसाच.

हुरडाप्रेमी

बरोबर तूप वगैरे देऊ नका हं. बाहेरून युरोपात जाणाऱ्या प्रवाशांना दूध-तुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आमच्या बहिणीचं घरचं लोणकढं असंच गेलं.

माडीवाली

बरं झालं सांगितलंत, दोन किलो कढवून ठेवलं होतं. चटणी आणि भाकऱ्या देते.

जुळे_सोलापूर

ताई, आमचाही वरचा मजला रिकामा आहे. असं कुणी आलं तर द्यायची इच्छा आहे. भाडं, कायदा, काय काय बघावं लागतं?

माडीवाली

परदेशी माणूस घरात उतरला की २४ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, लोक त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. ते आधी शिकून घ्या, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती लागतात. भाडं नेहमीचं घ्या, जास्त नको. जिन्याला कठडा हवा, गच्चीच्या दाराला वरून कडी. कमोड असेल तर पाहुण्यांना बरं, मुलांना साधा. आणि टाकी मोठी बसवा, चार माणसं वाढली की पाणी तिसऱ्या दिवशीच संपतं.